तात्पुरतं म्हणून नेलेल्या वृद्धांना घरी परत कोण आणणार?

प्रति,
आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांचे प्रमुख, निवारा केंद्रांचे अधिकारी, आणि रुग्णालयातून सुटी देताना वृद्धांनी पुढे कुठे जायचं हे ठरवणारे डॉक्टर व समाजसेवक यांस,

स.न.वि.वि.

पूर ओसरल्यावर, भूकंपाचे हादरे थांबल्यावर किंवा वणवा विझल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक निर्णय घेतला जातो. त्याची बातमी होत नाही. निवारा केंद्राच्या कोपऱ्यात किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात एक वृद्ध माणूस असतो. जिवावरचं संकट टळलेलं असतं, पण घरी पाठवावं अशी परिस्थिती नसते. आजूबाजूची कुटुंबं एकेक करून हललेली असतात. खाट रिकामी हवी असते. कुणीतरी म्हणतं, "सध्या वृद्धाश्रमात ठेवू, पुढचं पुढे बघू." फॉर्मवर सही होते, आणि पुढचं पुढे कुणीही बघत नाही.

मी वृद्धांच्या पुनर्वसनाचं काम करते. खुबा मोडलेल्या, लांबलेल्या आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं, चालतं करायचं, निदान संडासापर्यंत त्याचं त्याला जाता येईल इतकं करायचं, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून आणि जगभरच्या आपत्तींनी जे शिकवलं त्यावरून तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आपत्तीनंतर वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात दाखल होणाऱ्या पुष्कळ वृद्धांचं शरीर तेवढं खचलेलं नसतं. त्यांच्याभोवतीचा आधार कोसळलेला असतो. तो आधार पुन्हा उभा करणं अवघड वाटतं, म्हणून आपण माणूस हलवतो. आणि त्या माणसाला परत आणणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

समजा, ब्याऐंशी वर्षांची एक बाई आहे. एकटी राहते. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, एका कानाने कमी ऐकू येतं, संध्याकाळ झाली की थोडा विसर पडतो. तिची दुखणी कागदावर वाचली तर कुणालाही वाटेल, हिला एकटीला कसं राहू दिलं? पण ती राहते, आणि नीट राहते. सकाळी मदतनीस येऊन आंघोळीला हात देते. शेजारीण दिवसातून एकदा डोकावते. औषधं वेळेवर घरी येतात. रात्री अंधारात संडासला जाताना कुठे चौकट धरायची आणि कुठे भिंतीला टेकायचं, हे तिच्या हातांना पाठ आहे. लेक फोन करते आणि नुसत्या आवाजावरून ओळखते की आज काहीतरी बिनसलंय. यातलं काहीही तिच्या वैद्यकीय फाइलमध्ये नाही.

मग पूर येतो. मदतनिसेचं स्वतःचंच घर पाण्याखाली जातं. शेजारीण नातेवाइकांकडे निघून जाते. औषधांचं दुकान बंद, वीज नाही, फोन लागत नाही. ही बाई एका मोठ्या सभागृहात जमिनीवर अंथरलेल्या गादीवर येऊन पडते. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या गादीवरून उठायला तिला दोन माणसं लागतात. तुमचा कर्मचारी तिच्या नावापुढे लिहितो, 'स्वतःहून उठू शकत नाही, एकटी राहण्यास असमर्थ'. त्याने खोटं लिहिलेलं नाही. त्याने जे पाहिलं तेच लिहिलं. पण तिच्या घरातला पलंग गुडघ्याच्या वर उंच होता आणि त्यावरून ती रोज एकटी उठत होती, हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

इथून पुढे शरीरही साथ सोडायला लागतं, आणि हा भाग मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण तो माझ्या कामाचा आहे. निवारा केंद्रात वृद्ध माणसाला करायला काही नसतं. घरात ती बाई भांडं उचलायला, दार उघडायला, झाडाला पाणी घालायला दिवसभरात कितीतरी वेळा उठत होती. इथे सगळं हातात आणून दिलं जातं, तेही प्रेमाने. "आजी, तुम्ही बसा." ती बसते. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेला एक प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांमधले स्नायू जवळजवळ एक किलोने घटले होते. आणि ते निरोगी होते, दमलेले-घाबरलेले नव्हते. संडास लांब असतो, रांग असते, वाटेत पाय अडखळतो, म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणं कमी करतात. पाणी कमी झालं की लघवीचा संसर्ग होतो, चक्कर येते, रक्त घट्ट होतं. जपानमध्ये 2004 च्या निईगाता भूकंपानंतर पुष्कळ लोक आपल्या गाड्यांमध्येच झोपत होते. पाय मुडपून तासन्‌तास बसल्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन काहींचा जीव गेला.

त्यातच अनोळखी जागा, रात्रभर जळणारे दिवे, न लागणारी झोप, राहून गेलेली औषधं. अशा वेळी वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो, माणसं ओळखत नाही, रात्री उठून निघू पाहतो. ही भ्रमावस्था कारण सापडलं आणि उपचार झाले तर बहुतेकदा ओसरते. कधी दिवसांत, कधी काही आठवड्यांत. पण त्या आठवड्यात ज्याने त्या माणसाला पहिल्यांदाच पाहिलं, त्याला ती स्मृतिभ्रंशच वाटते. चष्मा पुरात गेलेला, श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली, कवळी घरीच राहिलेली. तुम्ही त्याला आजची तारीख विचारता आणि त्याला तुमचा प्रश्नच ऐकू गेलेला नसतो. अशा तपासणीवर त्याचं उरलेलं आयुष्य कुठे जाईल हे ठरतं. मला हे सर्वात जास्त टोचतं, कारण टाळायला हे सर्वात सोपं आहे.

आपत्तीचा घाव पहिल्या दिवसांपुरता नसतो, हे आता पुरेसं नोंदलेलं आहे. 2011 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागात टोर्नेडोंची, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांची, मोठी लाट आली. त्यानंतरच्या महिनाभरात त्या भागातल्या वृद्धांचं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. रुग्णालयातून शुश्रूषा केंद्रात, हा रस्ता वृद्धांसाठी नेहमीच उताराचा असतो. आपत्तीत त्यावर अडवणारं कुणी उरत नाही.

जपानच्या इवानुमा शहराचा अनुभव तर विलक्षण आहे. मार्च 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीच्या सात महिने आधी तिथल्या ज्येष्ठांची एका आरोग्य-अभ्यासासाठी पाहणी झाली होती. आपत्तीनंतर सुमारे अडीच वर्षांनी संशोधकांनी त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांची पुन्हा पाहणी केली. आधी आणि नंतर अशी दोन्ही चित्रं हाती असणं फार दुर्मीळ. ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली होती त्यांची स्मरणशक्ती आणि आकलन अधिक घसरलेलं दिसलं. आप्त-मित्र दगावण्याशी मात्र तसा संबंध त्या अभ्यासात आढळला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले. वाटलं होतं, माणूस गेल्याचं दुःख सगळ्यात मोठं. पण विचार केला तर पटतं. वृद्ध माणसाच्या मेंदूचं बरंचसं काम त्याचं घर करत असतं: वस्तू कुठे आहे, दिवस कसा पुढे सरकतो, कुठल्या वेळी कोण भेटतं. घसरणीच्या कारणांत नैराश्याबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भेटीगाठी कमी होणं हेही होतं. आपण घर गमावलेल्या माणसाला शेजारही गमवायला लावतो, आणि मग त्याची स्मृती ढासळली म्हणून त्याला कायमचं आत ठेवतो.

अमेरिकेत 2005 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधून हजारो लोकांना ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम क्रीडागारात आणलं गेलं. त्या गर्दीत कितीतरी वृद्ध एकटे होते. कुटुंब दुसऱ्याच बसमध्ये बसून दुसऱ्याच गावी गेलेलं. काहींना आपलं नावही धड सांगता येत नव्हतं. तिथल्या वृद्धरोगतज्ज्ञांनी आणि समाजसेवकांनी घाईघाईत एक छोटी तपासणी-पद्धत बनवली आणि तिला 'स्विफ्ट' म्हटलं. थोडक्या प्रश्नांत एवढंच शोधायचं: या माणसाला खाणं, आंघोळ, संडास यांत रोज हाताची मदत लागते का? की फक्त पैसे, औषधं, अर्ज यांसारख्या गोष्टींत मदत हवी आहे? की त्याचं कुटुंब शोधून दिलं की काम झालं? या तीन माणसांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. पहिल्याला कदाचित शुश्रूषा केंद्राची गरज लागेल. तिसऱ्याला फक्त एका फोन नंबरची. हा भेद केला नाही तर तिघेही एकाच गाडीत बसून एकाच दारात उतरतात.

आणि तो रस्ता आपण मुद्दाम रुंद करून ठेवला आहे. अमेरिकेत एरवी शुश्रूषा केंद्राचा खर्च सरकारी विम्यातून मिळायला आधी तीन दिवस रुग्णालयात राहावं लागतं. आपत्ती जाहीर झाली की ही अट शिथिल करता येते. हेतू चांगला आहे, रुग्णालयं तुंबू नयेत. पण घरी मदतनीस देण्याच्या, जिन्याला कठडा बसवून देण्याच्या, दोन महिन्यांसाठी तळमजल्यावर भाड्याची खोली मिळवून देण्याच्या कामात तशी चपळाई दिसत नाही. संस्थेत दाखल करणं एका सहीत होतं. घरी पाठवायला सात खात्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. थकलेला समाजसेवक काय निवडेल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नियम ज्यांनी केले त्यांनी उत्तर द्यायला हवं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अपंगत्व परिषदेने 2019 मध्ये याच विषयावर एक संपूर्ण अहवाल दिला. आपत्तीच्या काळात आणि नंतर अपंग माणसांना, त्यात वृद्धही आले, गरज नसताना संस्थांमध्ये टाकलं जातं हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ओल्मस्टेड खटल्यात सांगितलं होतं की समाजात राहू शकणाऱ्या आणि राहू इच्छिणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत वेगळं ठेवणं हा भेदभाव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात कलम 19 समाजात स्वतंत्रपणे राहण्याच्या हक्काचं आहे आणि कलम 11 आपत्तीसारख्या संकटकाळातल्या संरक्षणाचं. ही दोन कलमं एकत्र वाचा. सुरक्षिततेच्या नावाखाली घराचा हक्क आपोआप रद्द होत नाही.

"पण तिथे निदान सुरक्षित तरी राहतील," असं मुलं म्हणतात, अधिकारीही म्हणतात. या समजुतीला धक्का द्यावा लागेल. कॅटरिनाच्या पुरात न्यू ऑर्लिन्सजवळच्या एकाच वृद्ध केंद्रात 35 माणसं दगावली. काही आठवड्यांनी रिटा वादळ येणार म्हणून वृद्ध केंद्रातल्या रहिवाशांना घेऊन निघालेल्या बसला डॅलसजवळ आग लागली आणि 23 जण मेले. 2017 मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका केंद्राची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. समोर रस्त्यापलीकडे रुग्णालय असूनही आत माणसं उष्म्याने दगावत गेली. बारा मृत्यूंना मनुष्यवध ठरवण्यात आलं. 2021 मध्ये इडा वादळाच्या वेळी लुइझियानातल्या सात केंद्रांमधल्या आठशेहून अधिक वृद्धांना एका गोदामात नेऊन ठेवलं गेलं. जपानच्या कुमामोतो भागात 2020 च्या पुरात नदीकाठच्या एका वृद्धाश्रमातले 14 रहिवासी बुडाले. मी ही यादी भीती घालायला दिलेली नाही. ज्या दाराआड आपण माणसांना सुरक्षित म्हणून पाठवतो, त्या दारालाही पाणी लागतं, तिथलीही वीज जाते. पूर आलेल्या भागातलं वृद्धाश्रम तर आधीच अपुऱ्या माणसांवर चाललेलं असतं, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांचीही घरं गेलेली असतात. त्यात तुम्ही नवे वीस रहिवासी पाठवता.

फुकुशिमाचा धडा सर्वांत कठोर आहे. अणुभट्टीच्या अपघातानंतर फुताबा रुग्णालय आणि त्याला जोडलेलं वृद्ध केंद्र घाईने रिकामं करताना चाळीसहून अधिक माणसं दगावली. किरणोत्सर्गाने कुणी मेलं नव्हतं. लांबचा बसप्रवास, थंडी, औषधांवाचून गेलेले दिवस यांनी ती मेली. त्याच प्रांतातल्या मिनामिसोमा शहरातल्या पाच वृद्ध केंद्रांचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा स्थलांतरानंतर तिथल्या रहिवाशांचा मृत्यूचा धोका 2.7 पट झालेला आढळला. पण सगळ्या केंद्रांत तो सारखा नव्हता. स्थलांतर कसं झालं आणि नव्या जागी काळजी कशी घेतली गेली, यावर फार काही अवलंबून होतं. फुकुशिमा प्रांतात आपत्तीच्या थेट तडाख्याने गेले त्यांच्यापेक्षा नंतरच्या हालअपेष्टांनी गेलेल्यांची संख्या मोठी आहे, 2,300 च्या वर, आणि जपानभर अशा मृत्यूंमध्ये सुमारे 90 टक्के माणसं 65 वर्षांच्या पुढची होती. वृद्ध माणसाला जागेवरून उचलणं ही स्वतःच एक जोखमीची शस्त्रक्रिया आहे. कधी ती करावीच लागते. पण ती करताना शस्त्रक्रियेइतका विचार व्हायला हवा.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. काही वृद्धांना आपत्तीनंतर शुश्रूषा केंद्रच हवं असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला वर्षानुवर्षं एकटीने सांभाळणारी बायको पुराच्या चिखलात उभी असते आणि तिच्या अंगात आता काही उरलेलं नसतं. तिला "घरीच ठेवा" म्हणणं हा क्रूरपणा आहे. काहींचं घर आधीपासूनच धोक्याचं होतं आणि आपत्तीने ते फक्त उघड केलं. चांगल्या केंद्रात काही जण सावरतात, नीट खातात, वर्षांनंतर गप्पा मारतात. तिथे राबणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. म्हणून दाखल करूच नका, असं माझं म्हणणं नाही. दाखल करताना परतीचा रस्ता उघडा ठेवा, आणि तो रोज थोडा थोडा बुजतो हे ध्यानात असू द्या.

तो बुजतो तरी कसा? भाड्याचं घर असेल तर मालक ते दुरुस्त करून दुसऱ्याला देतो. स्वतःचं असेल तर नुकसानीच्या पाहणीला, भरपाईच्या अर्जाला, दुरुस्तीच्या कंत्राटदारापुढे उभं राहायला मालक हजर लागतो, आणि मालक तर शहराच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर आहे. मुलं लांब असतात. त्यांना वाटतं, आईची सोय झाली, आता त्या पडक्या घरात पैसे का घालायचे? घर विकलं जातं, कधी आईला न सांगता. मदतनिसेला दुसरीकडे काम मिळतं. शेजारीण परतच येत नाही. आत ती बाई दिवसातून चार पावलं चालते, म्हणून पाय आणखी गळतात. सहा महिन्यांनी कुणी तपासलंच तर निष्कर्ष निघतो की ती खरोखरच एकटी राहू शकत नाही. पहिल्या दिवशी जे खरं नव्हतं ते आता खरं झालेलं असतं.

या सगळ्यात तिला विचारलं का? बहुतेक वेळा विचारलं जातं ते मुलांच्या देखत, गोंगाटात, "इथे किती दिवस राहणार, त्यापेक्षा तिथे बरं ना?" अशा शब्दांत. ती मान हलवते. आपलं ओझं कुणावर नको, हा विचार त्या पिढीच्या हाडीमाशी भिनलेला असतो. अशी मान हलवणं म्हणजे संमती नव्हे. तिला बाजूला घेऊन, चष्मा-श्रवणयंत्र देऊन, शांतपणे विचारा: घरी जायला काय काय लागेल? यादी फार लांब नसते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

वेगळं करता येतं याचे दाखले आहेत. पण आधी एक फसलेला प्रयत्न पाहा. जपानमध्ये 1995 मध्ये कोबेच्या भूकंपानंतर तात्पुरत्या घरांसाठी सोडत काढताना वृद्ध आणि अपंगांना अग्रक्रम दिला गेला. ऐकायला किती चांगलं वाटतं. पण त्यामुळे वृद्ध आपापल्या वस्त्यांतून सुटे होऊन अनोळखी वृद्धांच्या वस्त्यांमध्ये विखुरले. पुढे तात्पुरत्या घरांत एकाकी मृत्यू होत राहिले, कित्येकदा बऱ्याच दिवसांनी उघडकीला आलेले. सोळा वर्षांनी इवानुमामध्ये काही वस्त्या अख्ख्याच्या अख्ख्या एकत्र हलवण्यात आल्या. शेजारी शेजारीच राहिला. सोडतीने एकेकटे गेलेल्यांपेक्षा गटाने गेलेल्यांचे परस्परांशी संबंध चांगले टिकले. नुसत्या अग्रक्रमाने भागत नाही. माणूस कुणाबरोबर जातो आहे हे पाहायला हवं.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला फेब्रुवारी 2011 मध्ये भूकंप झाला तेव्हा वृद्धांच्या निवासी केंद्रांतल्या कित्येक खाटाच नाहीशा झाल्या. काही रहिवाशांना देशाच्या दुसऱ्या भागांत पाठवावं लागलं. रुग्णालयातून वृद्धांना पाठवायला जागा उरली नाही. तिथल्या आरोग्ययंत्रणेने मग 'क्रेस्ट' नावाची सेवा वेगाने सुरू केली: रुग्णालयातून लवकर सुटी, आणि त्याच दिवसापासून घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, मदतनीस, काही आठवड्यांसाठी. ज्यांना एरवी 'केंद्रात पाठवा' म्हटलं गेलं असतं, त्यांतले पुष्कळ जण घरीच सावरले. खाटा नव्हत्या म्हणून घराचा विचार झाला. माझी विनंती अशी की खाटा असतानाही तो व्हावा.

म्हणून काही मागण्या. आपत्तीनंतर वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात होणाऱ्या प्रत्येक भरतीच्या फॉर्मवर परतीची तारीख असलीच पाहिजे. ती चुकली तरी चालेल, पुढे ढकलता येईल, पण रकाना रिकामा राहता कामा नये. त्या तारखेशेजारी एका माणसाचं नाव हवं, ज्याला दर महिन्याला विचारता येईल की हे घरी का गेले नाहीत. महिन्याभरात पुनर्तपासणी हवी, आणि ती भ्रमावस्था ओसरल्यावर, झोप-पाणी-औषधं जागेवर आल्यावर, शक्य तर त्या माणसाच्या घरी नेऊन. स्मृतिभ्रंशाचं निदान निवारा केंद्रात करूच नये. तिथे नोंद करायची ती 'सध्या गोंधळलेले' इतकीच.

निवारा केंद्रात जमिनीवरच्या गाद्यांबरोबर काही उंच खाटा, हाताचा कठडा असलेल्या खुर्च्या, जवळचा संडास आणि जुन्या चष्म्यांची, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची एक पेटी ठेवा. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. या पत्रातला सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय हाच असेल. वृद्धांना रोज चालवणारं, उठवणारं, कामाला लावणारं एक माणूस तिथे पहिल्या दिवसापासून हवं.

घरदुरुस्तीच्या यादीत संस्थेत ठेवलेल्या वृद्धांची घरं आधी घ्या. आज नेमकं उलट होतं. संस्थेत आहेत म्हणजे सोय झाली, असं मानून त्यांचं घर शेवटी जातं. घरी येणाऱ्या मदतनिसांना आपत्कालीन सेवेतलं माणूस समजा. त्यांना ये-जा करण्याचा पास द्या, राहायला जागा द्या, पगार चालू ठेवा. त्या परतल्या नाहीत तर कितीतरी वृद्धांना घर असूनही परतता येणार नाही.

आपत्ती येण्याआधीची तयारी हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, तरी थोडं इथेच सांगते. फ्रान्समध्ये 2003 च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेने सुमारे 15,000 माणसं गेली, बहुतेक वृद्ध. त्यानंतर 2004 मध्ये कायदा झाला आणि एकट्या-दुकट्या वृद्धांची व अपंगांची नावं, ज्यांची इच्छा असेल त्यांची, नगरपालिकांकडे नोंदवून ठेवण्याची पद्धत आली. जपानने 2021 मध्ये कायदा बदलून, मदतीशिवाय बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांसाठी व्यक्तिगत स्थलांतर-आराखडा करण्याचं काम स्थानिक पालिकांवर सोपवलं. अशा आराखड्यात 'कोण घेऊन जाणार' इतकंच नको, 'कोण परत आणणार' हेही लिहायला सांगा.

शेवटची मागणी मोजणीची. आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या सेंडाई आराखड्यात देशांनी आपत्तीतले मृत्यू, बाधित माणसं, पडलेली घरं, आर्थिक नुकसान, बंद पडलेल्या सेवा मोजायचं ठरवलं. आपत्तीनंतर किती वृद्ध संस्थेत गेले आणि किती घरी परतले, हे त्या निर्देशकांत नाही. त्यामुळे या प्रकारचं नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही. ती बाई मेलेली नाही, जखमी नाही, बेघर म्हणूनही तिची नोंद नाही. सरकारदरबारी ती वाचलेल्यांत मोजली जाते.

तुमच्या अखत्यारीतल्या भागात मागची मोठी आपत्ती केव्हा आली होती ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तात्पुरतं म्हणून संस्थेत पाठवलेल्या वृद्धांची नावं तुमच्या जुन्या कागदांत असतील. ती काढा. त्यांतले कितीजण आजही तिथेच आहेत ते पाहा, आणि एखाद्या अनुभवी माणसाला पाठवून त्यांना एकेकटं विचारा, त्यांना कुठे राहायचं आहे. काहींना तिथेच राहायचं असेल. ज्यांना घरी जायचं आहे, त्यांच्यापासून कामाला सुरुवात करता येईल. त्यासाठी पुढच्या पुराची वाट पाहायची गरज नाही.

आपली,
वृद्धांच्या पुनर्वसनाचं काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट